उद्यमबागेतून चंदीगडला

भाच्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एखादं शहर बघून त्यावर वही भरायची असते. वर्गातली बरीच पोरं गोवा नाहीतर हंपी करून मोकळी झाली. ह्याला चंदीगड पाहिजे होतं. एकट्याला सोडायला ताई तयार नाही, भावोजींना दुकान सोडवत नाही, तेव्हा उरला मामा. मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पॅटर्न करतो. फाउंड्रीत जी वस्तू ओतायची तिचा आधी लाकडी नमुना लागतो, ते माझं काम. बिल्डिंगींशी आपला संबंध घर बांधताना गवंड्याशी भांडण्यापुरताच. पण फेब्रुवारीत ऑर्डरी थंड होत्या आणि हिमाचलाचे डोंगर लांबून तरी दिसतील असं आमिष भाच्यानं दाखवलं.

बेळगावहून चंदीगडला थेट गाडी आहे. यशवंतपूरहून येणारी संपर्क क्रांती, आठवड्यातून दोनदा. स्लीपरचं तिकीट माणशी नऊशे-हजाराच्या घरात. प्रवास लांबलचक आहे, पण बदलाबदली नाही आणि दिल्लीत उतरून धावपळ नाही. ताईनं कडक भाकरी, शेंगाचटणी आणि लोणचं बांधून दिलं होतं. कुंदा, आमची ती खव्याची मिठाई, बॅगेत सांडला तर कपड्यांचं वाटोळं, म्हणून वाटायला गोकाकचा करदंट घेतला. हा निर्णय फार कामाला आला. डिंक, खोबरं, सुकामेवा आणि गुळाची ती वडी दाखवली की भोपाळपर्यंत कुठल्याही बर्थवर ओळख होते. मिरजेला चढलेल्या एका आजींनी तर भाकरी आमची, ठेचा त्यांचा, असा परस्पर करारच करून टाकला.

शुक्रवार: सेक्टर आणि तेराचा पाढा

चंदीगडचं स्टेशन गावापासून जरा बाजूला, पंचकुल्याच्या अंगाला आहे. बाहेर पडल्यावर रिक्षावाले घेरतात. त्यांच्याकडं न बघता सरळ सिटी बसच्या थांब्यावर जायचं. सेक्टर १७च्या बसस्थानकाकडं जाणाऱ्या बस मिळतात आणि दोघांचं भाडं चहा-भजीच्या खर्चात भागतं. आम्ही राहिलो सेक्टर २२मध्ये, बसस्थानकासमोरच्या बाजूला. इथं साध्या लॉजची रांग आहे. डबल रूम हजार रुपये, गरम पाणी सकाळी बादलीनं. खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका आणि रस्त्याच्या बाजूची खोली घेऊ नका, एवढं पाळलं की झालं.

थंडी होती. बेळगावची थंडी अंगावर घेतलेल्या माणसाला फार वाटू नये, पण सकाळी आठ वाजता टपरीवरचा चहा हातात धरून उभं राहिलो तेव्हा भाच्याचे दात वाजत होते. चहात आलं आणि बडीशेप, ग्लास चांगला पावशेराचा. बेळगावात तेवढ्यात तिघं पितील.

गाव समजून घ्यायला पहिला तास लागला. रस्ते सरळ, बरेच चौक गोल, सगळीकडं झाडं आणि कुठंही उभं राहिलं तरी आपण मघाशीच इथं होतो असं वाटतं. प्रत्येक सेक्टर साधारण आठशे मीटर बाय बाराशे मीटरचा चौकोन. आत बाजार, शाळा, बाग, दवाखाना. मोठा रस्ता ओलांडल्याशिवाय रोजचं सगळं भागावं असा हिशेब. रस्त्यांनाही व्ही-१ ते व्ही-७ अशा पायऱ्या आहेत, हायवेपासून ते नुसत्या चालायच्या वाटेपर्यंत. भाच्यानं मला एक युक्ती शिकवली. खाली-वर लागून असलेल्या दोन सेक्टरांची बेरीज करायची, ती तेराच्या पाढ्यात येते. आम्ही २२मध्ये, समोर १७, बेरीज ३९. नऊच्या खाली १७, बेरीज २६. आणि गंमत म्हणजे मूळ आराखड्यात तेरा नंबरचा सेक्टरच नव्हता. हे कळल्यावर मी दिवसभर बेरजाच करत होतो.

सेक्टर २२ हा सगळ्यात आधी वस्ती झालेल्या भागांपैकी. हे शहर म्हटलं की ते आखणाऱ्या फ्रेंच आर्किटेक्टचं, ल कॉर्बुझिएचं नाव घेतात, पण इथली घरं बरीचशी जेन ड्रू आणि मॅक्सवेल फ्राय ह्या इंग्रज नवरा-बायकोनं केलेली. बाजारातलं किरण थिएटरही फ्रायचंच. सरकारी घरांच्या तेरा-चौदा श्रेण्या होत्या, वर मुख्यमंत्री आणि खाली शिपाई. भाचा सांगत होता की शिपायालासुद्धा दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी आणि मागं अंगण मिळावं असा तेव्हा आग्रह होता. विटांच्या भिंती, उन्हासाठी विटांचीच जाळी. काही घरांच्या जाळ्या लोकांनी बुजवून काचा बसवल्यात, काहींनी तिथंच कूलर ठोकलाय. भाचा हळहळला. मला काही वाईट वाटलं नाही. घर राहणाऱ्याचं असतं, आणि जूनमधला तिथला उन्हाळा जेन ड्रूनं नाही सोसायचा.

दुपारी गाड्यावर छोले-कुलचे खाल्ले. प्लेट चाळीस रुपये, वर कच्चा कांदा आणि हिरव्या मिरचीचं लोणचं, दुसऱ्या वेळचे छोले फुकट. मग समोरच्या सेक्टर १७च्या प्लाझात गेलो. ह्या शहराचा मध्य म्हणजे हा गाड्यांना बंदी असलेला भला मोठा चौक, बाजूनं चार मजली काँक्रीटच्या बिल्डिंगी, सगळ्यांचे खांब एकाच मापात. नीलम थिएटर आदित्य प्रकाश यांचं, ते कॉर्बुझिएच्या हाताखालच्या भारतीय आर्किटेक्टांपैकी. एकेकाळी इथं पाय ठेवायला जागा नसायची, असं फुगेवाल्यानं सांगितलं. आता गिऱ्हाईक मॉलकडं वळलंय. बरीच दुकानं बंद दिसली. पण संध्याकाळी म्हातारी माणसं, कॉलेजची पोरं, पोराला सायकल शिकवणारे बाप, सगळे येऊन बसतात आणि कुणी कुणाला उठवत नाही. पैसे न खर्चता बसता येईल अशी गावाच्या मधली एवढी मोठी जागा आमच्याकडं आता उरलेली नाही. इंडियन कॉफी हाऊसमध्ये कॉफी आणि कटलेट घेतलं, बिल दोनशेच्या आत.

बसबद्दल एक सांगून ठेवतो. लांब पल्ल्याची बसस्थानकं दोन आहेत. दिल्ली आणि हरियाणाकडच्या गाड्या सेक्टर १७मधून, पंजाब-हिमाचलच्या सेक्टर ४३मधून. सिमल्याला जायचं म्हणून १७ला जाऊन बसाल तर तिथून पुन्हा अर्ध्या गावाला वळसा.

शनिवार: पाऊस आणि दोन विधानसभा

कॅपिटल कॉम्प्लेक्स म्हणजे सचिवालय, विधानसभा आणि हायकोर्ट. २०१६ साली युनेस्कोनं कॉर्बुझिएच्या जगभरातल्या निवडक कामांबरोबर ह्यालाही जागतिक वारशात घेतलं. एकट्यादुकट्यानं आत फिरता येत नाही. सेक्टर १मधल्या पर्यटन केंद्रात नाव नोंदवायचं, मूळ ओळखपत्र दाखवायचं, मग गाइड घेऊन जातो. फेरी फुकट आहे आणि दिवसातून ठरावीक वेळांनाच निघते, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करा. झेरॉक्सवर भागत नाही. आमच्यासमोर एका जोडप्याला परत जावं लागलं.

आमच्या गटात चार परदेशी विद्यार्थी, लुधियानाचं एक कुटुंब आणि आम्ही. गाइड बाई तिशीतल्या, बोलण्यात हरियाणवी ठसका. निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. सचिवालय एवढं लांब आहे की एका फोटोत मावत नाही, २५४ मीटर. पुढं विधानसभा. तिच्या डोक्यावर मधे आवळलेला काँक्रीटचा प्रचंड नळा आहे, अहमदाबादच्या वीज केंद्राचे कूलिंग टॉवर बघून कॉर्बुझिएला ते सुचलं म्हणतात. शेजारी तिरपा पिरॅमिड. समोरचा मोठा रंगीत दरवाजा एनॅमलचा, फ्रान्सनं भेट दिलेला, चित्र खुद्द कॉर्बुझिएनं काढलेलं.

गाइड बाईंनी इथं इतिहास सांगितला. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही. आधी अमेरिकेचे अल्बर्ट मेयर आणि मूळ पोलंडचे मॅथ्यू नोविकी यांना काम दिलं. १९५०मध्ये नोविकी विमान अपघातात गेले, मेयर बाजूला झाले आणि मग कॉर्बुझिए आला. १९५२ला नेहरूंनी कोनशिला बसवली, १९५३ला राजेंद्रप्रसादांनी उद्घाटन केलं. "फिर एक नवंबर उन्नीस सौ छियासठ को पंजाब के टुकड़े हुए, हरियाणा बना, और चंदीगड़ दोनों की राजधानी."

एक नोव्हेंबर म्हटल्यावर भाच्यानं माझ्याकडं बघितलं. बेळगावच्या माणसाला ह्या तारखेसाठी कॅलेंडर लागत नाही. १९५६च्या एक नोव्हेंबरला आम्ही मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो. तेव्हापासून त्या दिवशी गावात एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं काळ्या दिनाची फेरी. आमचं भांडण अजून सुप्रीम कोर्टात पडून आहे. इथल्या भांडणाचं काय झालं, असं मी बाईंना विचारलं.

त्या हसल्या. म्हणाल्या, ते बघा, समोरच आहे. नळ्याच्या खाली जे गोल सभागृह आहे तिथं पंजाबची विधानसभा बसते. पिरॅमिडच्या खालचं सभागृह विधान परिषदेसाठी बांधलं होतं, तिथं हरियाणाची बसते. दार वेगळं, छप्पर वेगळं, बिल्डिंग एक. हायकोर्ट दोघांचं एकच. सचिवालयातही दोघांचे बाबू. चंदीगड केंद्राच्या ताब्यात. १९८५ला पंतप्रधान राजीव गांधी आणि अकाली दलाचे लोंगोवाल यांच्यात करार झाला, त्यात ते पंजाबला द्यायचं ठरलं होतं, तारीखही ठरली होती, २६ जानेवारी १९८६. दिलं नाही. "और आपके यहाँ?" मी सांगितलं, आमच्याकडं कर्नाटकानं २०१२मध्ये स्वतःचा सुवर्णसौध, म्हणजे विधानभवन, बांधला, अधिवेशन हिवाळ्यात थोडे दिवस, बाकी वर्षभर हायवेवरून दिसतो छान. लुधियानाच्या गृहस्थांना हे फार आवडलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. का, ते कळलं नाही.

माझं लक्ष मात्र भिंतीवर गेलं होतं. लांबून राखाडी दिसणारी ती भिंत हाताच्या अंतरावर गेलं की लाकडाची होते. म्हणजे शटरिंगच्या फळ्यांचे सगळे रेषे काँक्रीटमध्ये उतरलेत. एका ठिकाणी फळीची गाठ आली होती, रुपयाएवढी, भोवतीची वळणंसुद्धा शाबूत. दोन फळ्या नीट भिडल्या नाहीत तिथून स्लरी बाहेर येऊन बारीक धार उभी राहिली होती. आमच्याकडं तिला फ्लॅश म्हणतात आणि ग्राइंडर मारून काढतात, ठेवली तर माल रिजेक्ट. इथं तशीच ठेवली आहे आणि लोक विमानानं बघायला येतात. पुढं भिंतीत मासा, साप, बैल, सूर्य असली चिन्हं खोल उमटवलेली. भाचा त्यांचा अर्थ सांगायला लागला. मी वाकून कडा बघत होतो.

"मामा, काय बघूलालाय?"

"ड्राफ्ट."

शटरिंगच्या आतल्या बाजूला लाकडाची कोरीव आकृती ठोकून काँक्रीट ओतलंय. ती नंतर सुटून यावी म्हणून कडांना जरासा उतार लागतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. तो सगळीकडं होता, बैलाच्या शिंगापाशीसुद्धा. ज्या सुतारानं ती आकृती केली त्याला काम येत होतं. मी तसं गाइड बाईंना म्हटलं, तर त्या थांबल्या आणि म्हणाल्या की कॉर्बुझिएच्या ऑफिसात ग्यानी रत्तन सिंग नावाचे लाकडी मॉडेल करणारे कारागीर होते, त्यांचं नाव संग्रहालयांच्या कागदपत्रांत आहे. भिंतीवरच्या आकृत्या त्यांच्याच का, ते काही निघालं नाही. पण पॅटर्नवाल्याचं नाव कागदावर टिकलंय एवढ्यानं माझं तिकीट वसूल झालं.

विधानसभेकडून हायकोर्टाकडं जाताना मधलं मैदान लागतं. माझं मत स्पष्ट आहे, हे मैदान फसलंय. माणसानं चालावं म्हणून काढलेली जागा, पण सावली नाही, बसायला काही नाही आणि मधे अडथळे, तारा, बंदूकधारी जवान. १९९५मध्ये सचिवालयाच्या बाहेरच बॉम्बस्फोटात मुख्यमंत्री बेअंत सिंग मारले गेले, तेव्हापासूनचा बंदोबस्त समजू शकतो. पण त्याच्याआधीही भर उन्हात इथं कोण चालत असेल? भाच्याला हे पटलं नाही. त्यावर आमचं संध्याकाळपर्यंत चालू होतं.

आणि पाऊस आला. फेब्रुवारीत पाऊस म्हणजे आम्हाला अपूर्वाई. इकडं हिवाळ्यात पश्चिमेकडून ढग येऊन असा पडतो म्हणे. ओपन हँड नावाच्या शिल्पाकडं निघालेले आम्ही धावत हायकोर्टाच्या त्या तीन प्रचंड खांबांखाली शिरलो, हिरवा, पिवळा आणि लाल. इथं मला हायकोर्टाचं छप्पर कळलं. खरं छप्पर खाली आहे, त्याच्यावर मोकळी जागा सोडून दुसरं वळलेलं छप्पर, ऊन-पाऊस झेलायला. खानापूरकडं भात लावणाऱ्या बायका पाठीवर इरलं घेतात, अंगाला न चिकटता वरच्या वर पाणी झेलणारं, तसंच हे कोर्टानं घेतलेलं इरलं. वारा मधून खेळतो, खालची कचेरी तापत नाही. भिजलेलं काँक्रीट काळं पडलं आणि सकाळी न दिसलेले फळ्यांचे जोड लांबूनसुद्धा मोजता यायला लागले. परदेशी पोरं कॅमेरे पुसत बसली. लुधियानाच्या बाईंनी पिशवीतून पिन्नी, म्हणजे पंजाबी लाडू, काढली, आम्ही करदंट. डिंक दोन्हीत. गाइड बाईंनी दोन्ही खाऊन निकाल राखून ठेवला.

ओपन हँड पाऊस ओसरल्यावर बघितला. २६ मीटर उंच पत्र्याचा हात, वाऱ्यानं फिरतो. कॉर्बुझिए १९६५ला गेला आणि हा उभा राहायला १९८५ उजाडलं.

तिथून रॉक गार्डन चालत जाता येतं, रिक्षा करू नका. तिकीट तीस रुपये. नेक चंद हे सरकारी रस्ते खात्यातले साधे नोकर. शहर बांधताना पाडलेल्या गावांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, विजेचे चिनीमातीचे इन्सुलेटर, कपबश्या असलं सगळं गोळा करून त्यांनी सरकारी जंगलात चोरून बाग रचली. सापडली तेव्हा पाडायच्या ऐवजी त्यांनाच तिथं पगार दिला आणि १९७६ला बाग उघडली. सरकारनं शहाणपणा केल्याची उदाहरणं कमी असतात, म्हणून हे लिहून ठेवतोय. बांगड्यांच्या तुकड्यांनी केलेल्या बायकांच्या रांगेसमोर मी बराच वेळ होतो. काँक्रीटच्या सरळ शहराच्या पोटात हे वाकडंतिकडं गाव कुणी ठरवून ठेवलं असतं तर एवढं जमलं नसतं. शनिवारी दुपारी गर्दी भयंकर असते. जमल्यास उघडायच्या वेळेला जा.

संध्याकाळी सुखना तलाव. १९५८मध्ये बांध घालून केलेला. बांधावर गाड्या आणायच्या नाहीत ही कॉर्बुझिएची अट आजही पाळतात. पावसानं हवा धुतली होती, आणि आमिषातले डोंगर खरोखर दिसले, मागच्या एका रेघेवर कसौलीचे दिवेही लागले.

बाकावर शेजारी एक सरदारजी येऊन बसले, सत्तरीचे, ट्रॅकसूट आणि निळी पगडी. आमची भाषा ऐकून म्हणाले, "मराठे हो?" बेळगावचे म्हटल्यावर उठून उभेच राहिले. लष्करात होते, बेळगावला कमांडो कोर्स केला होता. पावसात चिखलातून पळवलं, कॅम्पातल्या बाजारात अंडापाव खाल्ला, एका रविवारी पायाला फोड आलेले असताना सिनेमाला गेले, सगळं क्रमानं सांगितलं. मग तो ठरलेला प्रश्न आला, "बेलगाम कर्नाटक में है या महाराष्ट्र में?"

भाचा म्हणाला, "चंदीगड पंजाबात आहे का हरियाणात?"

सरदारजींनी क्षणभर त्याच्याकडं रोखून बघितलं आणि मग एवढ्या मोठ्यानं हसले की समोरची बदकं सरकली. "पंजाब दा है, पुत्तर. पिंड साडे उजड़े सी." गावं आमची उठवली, हे त्यांचं कारण. थोड्या वेळानं त्यांनी आपण होऊन गाऱ्हाणं सांगितलं. चंदीगडची सरकारी भाषा इंग्रजी आहे. पंजाबी लोकांसाठी बांधलेल्या शहरात पंजाबीतून अर्ज करायला भांडावं लागतं. मी म्हटलं, आमच्याकडं मराठीतून कागद मागायला मोर्चे निघतात. ह्यावर आम्ही दोघं जे बोलत बसलो ते भाच्याला कंटाळवाणं झालं, तो बदकांचे फोटो काढायला गेला. उरलेला करदंट सरदारजींना दिला.

रविवार: खुर्ची, झाकण, लंगर

सेक्टर १९मध्ये कॉर्बुझिए सेंटर आहे. शहर आखणाऱ्यांचं हे मूळ ऑफिस. बैठी, साधी बिल्डिंग. भिंतीवर पत्रं, नकाशे, फोटो. मला फोटो आवडले. बांबूच्या परांच्या, लाकडी रॅम्प, आणि डोक्यावर पाट्या घेऊन चढणाऱ्या बायकांची रांग. क्रेन जवळपास नाहीच. ती सगळी बिल्डिंग डोक्यावरून वर गेली आहे.

कॉर्बुझिए वर्षातून दोनदा यायचा, राहिला तो त्याचा चुलतभाऊ पिएर जानरे. गाव उभं केलं खरं त्यानं, भारतीय टीमला घेऊन. सेक्टर ५मधलं त्याचं घर आता म्युझियम आहे, विटांचं आणि गोट्यांचं, ऐटबाज काही नाही. त्याची राख त्याच्या इच्छेप्रमाणं सुखना तलावात सोडली. त्यानं सरकारी ऑफिसांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या, उलट्या व्हीसारखे पाय. वर्षानुवर्षं त्या वापरून मोडल्या, भंगारात गेल्या, गच्चीवर ढीग लागले. मग परदेशी व्यापाऱ्यांनी कवडीमोलानं उचलल्या आणि तिकडच्या लिलावात एकेक लाखांत गेली. २०११मध्ये केंद्रानं विक्रीवर बंदी घातली. मी खुर्चीखाली वाकून जोड बघितला. साधा, जाडजूड, कुठल्याही सुताराला जमणारा. म्हणूनच केला असणार, हजारो करायच्या होत्या.

पण माझ्या दृष्टीनं ह्या ट्रिपमधली सगळ्यात भारी वस्तू म्हणजे गटाराचं झाकण. ओतीव लोखंडाचं मॅनहोलचं झाकण आणि त्यावर अख्ख्या शहराचा नकाशा उठावात. सेक्टर, रस्ते, मधून वळत जाणारा हिरवळीचा पट्टा. चालताना पाय घसरू नये म्हणून झाकणावर कसली तरी नक्षी लागतेच, मग नकाशाच का नको, असा साधा विचार. हीसुद्धा चोरीला गेली आणि परदेशी लिलावात निघाली. मी कागद ठेवून पेन्सिलनं घासून ठसा घेतला. भाचा आजूबाजूला बघत लाजत होता, एका पोऱ्यानं तर "अंकल, चीज गिर गई क्या?" म्हणून विचारलं. रस्त्यांच्या कडा झिजून गोल झाल्यात, पण सेक्टर मोजता येतात. पॅटर्न करायला मला आठवडा लागेल. मालकांना ठसा दाखवला तेव्हा त्यांनी वजन विचारलं, अजून पुढं काही बोलले नाहीत.

दुपारी जवळच्या गुरुद्वारात लंगर. डोकं झाकायला रुमाल तिथं मिळतो. डाळ, रोटी, खीर, पंगतीत मांडी घालून. जेवण झाल्यावर भाच्यानं आपण होऊन भांडी घासायला हात लावला. घरी ताटसुद्धा उचलत नाही. ताईला फोटो पाठवला, तिचा विश्वास बसला नाही.

मग सिटी बसनं पंजाब युनिव्हर्सिटी, सेक्टर १४. पाण्यात उभं असलेलं गांधी भवन जानरेचंच. आम्ही गेलो तेव्हा हौदात पाणी नव्हतं, तळाला वाळकी पानं. त्यामुळं पाया कसा घेतलाय ते दिसलं आणि भाच्याची चार पानं वहीत भरली. गोल स्टुडंट सेंटरजवळ आलू पराठा आणि कोल्ड कॉफी, कॉलेजच्या दरात. सगळ्या ट्रिपमध्ये पोट भरून सगळ्यात स्वस्त खाल्लं ते इथं. पोरांचं राजकारण जोरात होतं, पोस्टरं, ढोल. सेक्टर १०चं सरकारी म्युझियम राहिलंच. भाच्याला दिवसभर पाहिजे होतं, मला झोप पाहिजे होती.

सोमवार: परत

सोमवारी म्युझियमं बंद असतात. म्हणून परतीला हाच दिवस ठेवला, तुम्हीही ठेवा. पहाटेची हरियाणाची बस धरून दिल्ली, दुपारी निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस, ती आपल्या बेळगावातच आणून सोडते. बस वाटेत ढाब्यावर थांबली. एवढंच महाग जेवण झालं. थांब्यावरचे ढाबे सगळीकडं सारखेच. पराठे आदल्या रात्रीच बांधून घेतले असते तर दोघांचे तीनशे वाचतात. कंडक्टरला मी मुद्दाम विचारलं, चंदीगड कुणाचं? तो तिकिटं फाडत म्हणाला, "जी, जिसकी बस टाइम पे चले."

खर्च विचारतात म्हणून सांगतो. रेल्वे, बस, लॉज, खाणं, तिकिटं, सेक्टर २२च्या शास्त्री मार्केटात ताईसाठी घेतलेली शाल, सगळं धरून दोघांचे दहा हजारांच्या आत-बाहेर. सिटी बस आणि पाय ह्यांवर भागलं, रिक्षा फक्त पावसात केली. स्टँडवरच्या भाड्याच्या सायकलीही दिसल्या, सायकलसाठी वेगळी वाट आहे, पण त्याला मोबाइलवर ॲप आणि आगाऊ पैसे लागतात. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या रखडतात. स्वेटर, छत्री आणि मूळ आधार कार्ड बरोबर ठेवा. करदंट किलोभर जास्त न्या.